बाघाली पोलो: एक इराणी भात आणि रक्तातून आलेला वारसा

मोबाइलवर बघून परदेशी पदार्थ घरी करून पाहण्याची हौस आता सगळीकडे पोचली आहे. त्यात इराणी पदार्थ आपल्याला जवळचे वाटतात, कारण सामान ओळखीचे असते. तांदूळ, केशर, शेपू, कांदा, दही, डाळिंब, अक्रोड यांत अनोळखी असे काहीच नाही. या पदार्थांपैकी एक म्हणजे 'बाघाली पोलो'. शेपू आणि सोललेले हिरवे बाकले घालून दमावर शिजवलेला हा भात इराणी घरांत बहुतेक वेळा मटणाबरोबर वाढला जातो. बाकला वसंतात कोवळा मिळतो, म्हणून त्या दिवसांत तो जास्त केला जातो.

बहुसंख्य लोकांसाठी हा भात चविष्ट, पौष्टिक आणि पूर्ण निर्धोक आहे. काही थोड्या लोकांना मात्र हाच भात खाल्ल्यावर एकदोन दिवसांत डोळे पिवळे होणे, लघवी काळपट होणे आणि गळून जाणे असा त्रास होऊ शकतो. यात शिळ्या अन्नाचा किंवा स्वयंपाकातल्या चुकीचा संबंध नसतो. त्याचे कारण खाणाऱ्याच्या रक्तात, आईवडिलांकडून आलेल्या वारशात असते. आपल्या महाराष्ट्रात या वारशाचा एक धागा थेट इराणपर्यंत जातो. आज तोच इतिहास पाहू.

हॉटेलातले इराण आणि घरातले इराण

इराणी खाणे म्हटले की पुणेकरांना आणि मुंबईकरांना आठवतो तो चहा, बन-मस्का, खिमा-पाव आणि बिस्किटे. पुण्यात डेक्कनवरचे 'गुडलक' १९३५ पासून आहे, कॅम्पातली 'कयानी बेकरी' १९५५ पासून. मुंबईत बॅलार्ड इस्टेटमधले 'ब्रिटानिया' १९२३ चे. ही हॉटेले काढणारी माणसे इराणमधून आलेली होती, पण त्यांनी गिऱ्हाइकांसमोर ठेवले ते इथल्या जिभेला आणि खिशाला परवडणारे खाणे. दूध घालून उकळलेला गोड चहा इराणमध्ये पीत नाहीत. तिथला चहा बिनदुधाचा, साखरेचा खडा दाताखाली धरून प्यायचा.

म्हणजे 'इराण्याचे हॉटेल' शहरभर पसरले, पण इराण्याच्या घरातला स्वयंपाक बराचसा घरातच राहिला. अक्रोड आणि डाळिंबाच्या रसातले 'फेसेंजान', पालेभाज्या आणि शेवयांचे दाट सूप 'आश-ए-रेश्ते', नवरोजला होणारा हिरव्या पाल्याचा भात आणि मासे हे पदार्थ आपल्याकडच्या हॉटेलांत फारसे दिसले नाहीत. अपवाद म्हणजे 'ब्रिटानिया'चा बेरी पुलाव. तो इराणच्या 'झेरेश्क पोलो'वरून आला आणि त्यातली आंबट लाल फळे इराणहून मागवावी लागत.

भाषेत मात्र फारसी स्वयंपाकघर आपल्याकडे फार पूर्वीच आले होते. पुलाव, कोफ्ता, बर्फी, गुलकंद, फालुदा, बदाम, पिस्ता हे शब्द फारसीतून किंवा फारसीच्या वाटेने मराठीत रुळले. पानशेतहून फार दूर नसलेला वेल्ह्याचा राजगड ज्यांची राजधानी होती, त्या शिवाजी महाराजांनी पुढे राज्याभिषेकाच्या सुमारास रघुनाथपंत हणमंते यांच्याकरवी 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला. कारभारात शिरलेल्या परक्या शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणाऱ्या या कोशात 'भोग्यवर्ग' नावाचा एक स्वतंत्र विभाग आहे. दरबारी वापरातल्या वस्तूंची नावेही तेव्हा फारसी झाली होती, हे त्यावरून कळते.

समुद्र ओलांडून काय आले, काय मागे राहिले

इराणमधून पश्चिम भारतात आलेल्या झरतुष्ट्री लोकांच्या दोन मोठ्या लाटा सांगता येतात. पहिली लाट हजार-बाराशे वर्षांपूर्वीची. इराणवर अरबांची सत्ता आल्यानंतरच्या काही शतकांत धर्म टिकवण्यासाठी निघालेले लोक गुजरातच्या किनाऱ्यावर, संजाणला उतरले. त्यांची कथा सांगणारे 'किस्सा-ए-संजान' हे फारसी काव्य १५९९ मध्ये रचले गेले. हे लोक म्हणजे आजचे पारशी. दुसरी लाट अलीकडची, एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकातली. यझद आणि केरमान भागातली गरिबी, दुष्काळ आणि झरतुष्ट्री लोकांवर लादलेला जिझिया कर यांमुळे अनेकजण मुंबई-पुण्याकडे आले. मुंबईच्या पारशांनी १८५४ मध्ये माणेकजी लिमजी हातारिया यांना आपल्या इराणी धर्मबांधवांच्या मदतीसाठी तिकडे पाठवले होते. त्यांच्या आणि इतरांच्या दीर्घ प्रयत्नांनी १८८२ मध्ये तो कर रद्द झाला. हॉटेले आणि बेकऱ्या काढणारे 'इराणी' बहुतांशी या दुसऱ्या लाटेतले. त्यांच्यात झरतुष्ट्रींबरोबर मुसलमान इराणीही होते.

पहिल्या लाटेतल्या लोकांचा स्वयंपाक हजार वर्षांत पुरता बदलला. मांसात फळ किंवा भाजी घालणे, आंबट-गोड चव, जर्दाळू आणि सुकामेवा यांत इराणची आठवण टिकली. पण धानसाक पाहा. त्यातल्या डाळी, लाल भोपळा, वांगी, मेथी आणि मसाला हे सगळे गुजरातच्या मातीतले आहे. शेंगांच्या बाबतीतही तसेच झाले. पारशी घरांत रुजले ते इथले वाल आणि वालपापडी. मोड आणून सोललेल्या वालांची 'टिटोरी' हा त्यांचा आवडता पदार्थ. थंड हवेत वाढणाऱ्या बाकल्याला या नव्या स्वयंपाकात ठळक जागा राहिली नाही.

म्हणजे शेंग मागे राहिली. पण त्या शेंगेशी संबंध असलेला एक गुण रक्तातून इकडे आला, आणि त्याचा पत्ता लागायला विसाव्या शतकाची साठी उजाडावी लागली.

बाकल्याचे जुने कोडे

बाकला ही माणसाने पिकवलेल्या फार जुन्या कडधान्यांपैकी एक. इजिप्तपासून इराणपर्यंत ते गरिबांचे अन्न होते आणि आहे. तरीही त्याच्याबद्दल भीतीही तितकीच जुनी. ग्रीक गणिती पायथागोरसने आपल्या शिष्यांना बाकला खायला बंदी केली होती, अशी परंपरा आहे. त्याची कारणे धार्मिक होती की आणखी काही, यावर अभ्यासक आजही वाद घालतात.

इटलीत या आजाराला बाकल्याच्या तिथल्या 'फावा' या नावावरून 'फेविझम' म्हणू लागले. उत्तर इराणमधले गिलान आणि माझंदरान हे कास्पियन समुद्राकाठचे प्रांत फेविझमसाठी प्रसिद्ध आहेत. वसंत ऋतूत कोवळे बाकले बाजारात आले की तिथल्या दवाखान्यांत पिवळी पडलेली मुले येऊ लागतात. एकाच घरात, एकाच पातेल्यातले जेवण जेवलेल्यांपैकी एखादाच आजारी पडे, बाकीचे ठणठणीत. कोणी फुलांच्या परागकणांना दोष दिला, कोणी अॅलर्जीला, कोणी विषाला. उत्तर सापडले ते शेवटी एका औषधामुळे.

हिवतापाच्या गोळीने उकललेले रहस्य

मलेरिया, म्हणजे आपला हिवताप, पुन्हा उलटू नये म्हणून 'प्रायमाक्विन' नावाची गोळी देतात. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत या औषधावर काम चालू होते. गोळी घेणाऱ्यांपैकी काहींच्या तांबड्या पेशी अचानक फुटत, काहींना काहीच होत नसे. शिकागोच्या संशोधकांनी इलिनॉयच्या तुरुंगातील कैद्यांवर अभ्यास केला. कैद्यांवर असे प्रयोग करणे आजच्या नीतीत बसत नाही, हेही नोंदवून ठेवायला हवे. १९५६ मध्ये कारण जाहीर झाले. ज्यांना त्रास होत होता, त्यांच्या तांबड्या पेशींत 'जी-सिक्स-पीडी' नावाचे एंझाइम कमी होते. पुढे दिसून आले, की बाकला खाऊन आजारी पडणाऱ्यांतही हेच एंझाइम कमी असते.

हे एंझाइम करते काय? लोखंडाला जसा गंज चढतो, तसा पेशींनाही ऑक्सिजनच्या काही तीव्र रूपांमुळे 'गंज' चढू शकतो. जी-सिक्स-पीडी पेशीला त्यापासून वाचवणारे साधन पुरवते. तांबड्या पेशीत केंद्रक नसते. त्यामुळे सुमारे १२० दिवसांच्या आयुष्यात तिला नवे एंझाइम बनवता येत नाही, जन्मताना मिळालेल्या शिदोरीवरच तिला भागवावे लागते. ज्यांची शिदोरी मुळातच अपुरी, त्यांच्या पेशी एरवी ठीक चालतात, पण मोठा हल्ला झाला की फुटतात. बाकल्यात 'व्हायसिन' आणि 'कॉनव्हायसिन' नावाची द्रव्ये असतात. पोटात गेल्यावर त्यांपासून जे पदार्थ तयार होतात, ते नेमका असा हल्ला करतात.

मग असा उणा गुण पिढ्यानपिढ्या टिकला कसा? कारण तो गंभीर मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण देतो. जिथे हिवतापाने माणसे मरत होती, तिथे हा गुण असलेली माणसे थोडी अधिक तगली. म्हणून भूमध्य समुद्राचा काठ, आफ्रिका, इराण, भारत अशा पट्ट्यांत तो जास्त दिसतो. जगात सुमारे ४० कोटी लोकांत ही कमतरता असल्याचा अंदाज आहे.

मुंबईतले संशोधन आणि कल्याणचे नाव

शिकागोच्या शोधानंतर काही वर्षांतच, १९६३ मध्ये, मुंबईतल्या संशोधकांनी पारशी समाजातील जी-सिक्स-पीडी कमतरतेची नोंद प्रसिद्ध केली. पारशांत तिचे प्रमाण इथल्या बऱ्याच समाजांपेक्षा अधिक आढळले. पुढे जनुकांचा अभ्यास शक्य झाल्यावर दिसले, की पारशांतला बदल मुख्यतः 'मेडिटेरेनियन' प्रकारचा आहे. इराणमध्येही हाच प्रकार मोठ्या प्रमाणावर सापडतो आणि फेविझमचा त्रास याच प्रकारात अधिक तीव्र असतो. लग्ने समाजातल्या समाजात होत राहिल्याने हा गुण टिकून राहिला.

पण 'हा पारशांचा आजार' असे समजून बाकीच्यांनी निश्चिंत होऊ नये. १९८४ मध्ये एका कोळी कुटुंबात या एंझाइमचा एक वेगळा प्रकार सापडला आणि त्याला आपल्या कल्याण शहराचे नाव मिळाले: 'जी-सिक्स-पीडी कल्याण'. भारतातल्या अनेक आदिवासी समाजांत 'ओरिसा' नावाचा आणखी एक प्रकार आढळतो. म्हणजे हा वारसा वेगवेगळ्या वाटांनी आपल्या सगळ्यांपर्यंत आलेला आहे.

हा गुण एक्स गुणसूत्रावर असतो. मुलाला एकच एक्स मिळते, तेही आईकडून, म्हणून त्रास मुलग्यांत जास्त दिसतो. मुलींना दोन एक्स मिळतात. एकावर दोष असला तर बऱ्याचदा निभावते, पण काहींना त्रास होतोच.

नावांचा घोळ: कुठली शेंग टाळायची?

इथे माझ्या वाचकांनी विशेष लक्ष द्यावे, कारण गोंधळ दोन्ही बाजूंनी होतो.

पहिला गोंधळ धोक्याचा आहे. बाकल्याला इंग्रजीत 'फावा बीन' किंवा 'ब्रॉड बीन' म्हणतात. पण आपल्याकडच्या पाककृतींत 'ब्रॉड बीन' हेच नाव कधी पापडीला, कधी वालाला दिलेले असते. त्यामुळे 'हे तर आपले वालच' असे समजून, कमतरता असलेला माणूस दुकानातून गोठवलेला किंवा सुका बाकला आणू शकतो. खारवलेले, तळलेले बाकले खाऊ म्हणूनही मिळतात. इजिप्तचा 'फुल' आणि तिथल्या पद्धतीचे 'फलाफल' बाकल्याचेच असतात. शिजवल्याने, सुकवल्याने किंवा गोठवल्याने यातला धोका पूर्ण जात नाही.

दुसरा गोंधळ उलटा आहे. कमतरतेचे निदान झाले की काही घरांत सगळी कडधान्ये बंद होतात. परदेशी माहितीपत्रकातला 'बीन्स' हा शब्द वाचून वाल, पावटा, घेवडा, चवळी, मटकी, सगळ्यांवर फुली मारली जाते. वाढत्या वयाच्या मुलाचे उसळ-वरण असे बंद करणे हे नुकसानच आहे. फेविझमशी सिद्ध झालेला संबंध फक्त बाकल्याचा आहे. वाल, पावटा, घेवडा, मंडईत मिळणारी डबल बी, वाटाणा, हरभरा, मसूर या वेगळ्या वनस्पती आहेत.

असा घोळ खुद्द इराणमध्येही आहे. गिलानमध्ये शेपू, लसूण आणि अंडी घालून 'बाघाला कातोघ' करतात. नावात बाकला असला तरी तिथले लोक त्यात घेवड्याच्या कुळातली स्थानिक शेंग वापरतात. ती बाहेर मिळत नाही, म्हणून इतर ठिकाणी लोक खराखुरा बाकला घालतात. नाव एक, शेंगा दोन, आणि परिणाम अगदी वेगळे.

मग घरी कसा करायचा?

ज्यांना ही कमतरता नाही, त्यांनी बाघाली पोलो बाकला घालून खुशाल करावा. ज्यांच्या घरात कमतरता आहे, त्यांच्यासाठी पुण्याच्या स्वयंपाकघरातच उत्तर आहे: डाळिंब्या. मोड आणून सोललेल्या वालांचा डाळिंबी-भात आपण पिढ्यानपिढ्या करतो. त्यात भरपूर शेपू पडला की तो बाघाली पोलोच्या फार जवळ जातो. ओले मटारही चालतात.

कृती थोडक्यात अशी. बासमती मिठाच्या पाण्यात तासभर भिजवा. भरपूर उकळत्या पाण्यात टाका, दाण्यात थोडी कणी राहिली की वेळून घ्या. जाड बुडाच्या पातेल्यात थोडे तेल किंवा तूप घाला. त्यावर भात, बारीक चिरलेला शेपू आणि आधी अर्धवट शिजवलेल्या डाळिंब्या यांचे थर द्या. वरून केशराचे पाणी शिंपडा. झाकणाला स्वच्छ फडके बांधून मंद आचेवर पाऊण तास दम द्या. बुडाशी जी सोनेरी खरवड धरते तिला 'तहदिग' म्हणतात, आणि इराणी घरांत तिच्यासाठी भांडणे होतात. पानशेत, वेल्हे, भोरकडे पिकणारा इंद्रायणी चवीला उत्तम, पण तो चिकट असल्याने या पद्धतीने मोकळा होत नाही. त्याचा साधा डाळिंबी-भातच करावा.

मधुमेह असलेल्यांसाठी एक सूचना: पाणी वेळून टाकल्याने भातातली साखर वाढवणारी पिष्टे फारशी कमी होत नाहीत. भात वाटीभर, डाळिंब्या जास्त आणि तहदिग चवीपुरती घ्यावी.

कोणी सावध राहावे, कधी धावावे?

खालीलपैकी काही असेल तर डॉक्टरांना विचारून जी-सिक्स-पीडीची रक्ततपासणी करून घ्यावी:

• घरात कोणाला ही कमतरता असल्याचे माहीत असणे.
• जन्मानंतर लवकरच मोठी कावीळ झालेले बाळ, विशेषतः मुलगा.
• एखादे औषध, बाकला किंवा तापाच्या आजारानंतर अचानक रक्त कमी होऊन कावीळ झाल्याचा इतिहास.

त्रास झाल्या झाल्या केलेली तपासणी फसवी ठरू शकते, कारण जुन्या पेशी फुटून गेलेल्या असतात आणि नव्या पेशींत एंझाइम जास्त असते. संशय कायम असेल तर सुमारे ३ महिन्यांनी ती पुन्हा करावी.

निदान झालेल्यांनी बाकला टाळावा. स्तनपान देणाऱ्या आईच्या बाळाला कमतरता असेल, तर आईनेही टाळावा. कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांपासून अशा मुलांना दूर ठेवावे, बाळाचे कपडे त्यांत ठेवू नयेत. हिवतापाची गोळी घेण्याआधी आरोग्य केंद्रात आपली कमतरता आवर्जून सांगावी. प्रायमाक्विनखेरीज डॅप्सोन आणि लघवीच्या संसर्गासाठीचे नायट्रोफ्युरँटॉइन याही औषधांनी त्रास होऊ शकतो. निदानाचा कागद आधार कार्डासारखा जवळ बाळगावा.

बाकला खाल्ल्यानंतर एकदोन दिवसांत डोळे पिवळे होणे, लघवी कोऱ्या चहासारखी होणे, चेहरा फिकट पडणे, धाप लागणे, पोट किंवा पाठ दुखणे, मूल सुस्त होणे यांपैकी काही दिसले तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि काय खाल्ले ते सांगावे. काविळीसाठी झाडपाल्याचे औषध घेत घरी बसू नये. इथे दोष यकृताचा नसतो, रक्तपेशी फुटत असतात आणि काही तासांत रक्त देण्याची वेळ येऊ शकते. वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात.

इराणहून निघालेल्या माणसांनी सोबत काय आणले, याची यादी करताना आपण अग्नी, भाषा, पुलाव आणि बेकरी मोजतो. रक्तातला हा गुणही त्याच यादीतला आहे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही आणि घाबरण्यासारखेही नाही. तो आपल्याकडे आहे का, एवढे फक्त माहीत हवे. ते माहीत असले की इराणी भात घरी जरूर करावा, पातेल्यात कुठली शेंग पडते आहे ते बघून.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. स्वतःच्या तब्येतीबद्दलचा निर्णय आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.)